फोर्कलिफ्ट कलली, तरी उडी मारू नका

आषाढ लागला की पानशेत-वेल्ह्याच्या खाचरांत भाताची लावणी सुरू होते. दिवसभर चिखलात वाकून लावणी करायची, संध्याकाळी चार घास खायचे आणि रात्रपाळीला गोदामावर हजर व्हायचे, असा क्रम या भागातल्या पुष्कळ तरुणांचा असतो. खेड शिवापूर, शिरवळ, चाकण या बाजूंना मोठी गोदामे झाली. पूर्वी हमालाच्या पाठीवरून जाणारा माल आता फोर्कलिफ्टवरून जातो. पाठीचे दुखणे कमी झाले खरे, पण धोक्याचे रूप बदलले. ते समजून घेतले, तर अनेक अपघात टळू शकतात.

यंत्र का कलते?

फोर्कलिफ्ट दिसायला लहान असली, तरी अडीच टन माल उचलणाऱ्या यंत्राचे स्वतःचे वजन साडेतीन टनांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. पुढे माल, मागे लोखंडाचे वजन आणि मधे पुढची चाके, असा हा तराजूच आहे. बैलगाडीत मागे ओझे जास्त पडले की गाडी उलाळ होऊन जू वर जाते. इथे पुढे ओझे जास्त झाले की मागची चाके उचलली जातात.

दुसरी गोष्ट, मागचा आस यंत्राला मध्यभागी एकाच ठिकाणी जोडलेला असतो. त्यामुळे चाके चार असली, तरी यंत्र तिवईसारखे तीन ठिकाणी तोललेले असते. माल उंच धरून वळले की तोल जातो. रिकामे यंत्र कलत नाही, हा समजही खोटा आहे. वेगात वळवलेले रिकामे यंत्र सहज आडवे होते.

यंत्र कलू लागले की मनुष्य आपोआप उडी मारू पाहतो. नेमके तेच जिवावर बेतते. तो ज्या बाजूला उडी मारतो, बहुधा त्याच बाजूला यंत्र पडते आणि डोक्यावरचे लोखंडी छत त्याच्या मानेवर किंवा छातीवर येते. दूर पळण्याइतका वेळ मिळत नाही. म्हणून बसून चालवायच्या यंत्रात पट्टा नेहमी बांधावा. यंत्र कललेच, तर जागा सोडू नये. स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकावे. उभ्याने चालवायच्या यंत्राची रीत वेगळी असते, ती शिकवणाऱ्याकडून आधीच समजून घ्यावी.

रोजची काळजी

यंत्रावरच्या पाटीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त माल उचलू नये. चालताना फोर्क जमिनीपासून वीतभरच वर ठेवावेत. मालामुळे पुढचे दिसत नसेल, तर यंत्र मागे घेत न्यावे. मात्र उतारावर भरलेला माल नेहमी चढाच्या बाजूला ठेवावा. पावसात ओल्या टायरांनी आत येताना वेग कमी करावा. वळताना यंत्राचा मागचा भाग बाहेर झोकतो, त्यामुळे पायी चालणाऱ्यांनी जवळ उभे राहू नये. उचललेल्या फोर्कखालून जाऊ नये, फोर्कवर माणूस चढवू नये.

बंद गोदामात डिझेल किंवा गॅसवरचे यंत्र फार वेळ चालले की विषारी वायू साठतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे सुरू झाले, तर ताबडतोब मोकळ्या हवेत यावे. बॅटरी चार्ज करण्याच्या जागी विडी-काडी अजिबात नको, कारण तिथे पेट घेणारा वायू तयार होतो.

झोपेची उधारी

सतरा-अठरा तास सलग जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे थोडी दारू घेतल्यासारखे मंद चालतात. त्याला स्वतःला मात्र हे जाणवत नाही. लावणीच्या दिवसांत इर्जिक घालून काम लवकर उरकावे, जमल्यास पाळी बदलून घ्यावी. रात्रपाळीपूर्वी झोप झालीच नसेल, तर यंत्र हाती घेऊ नये आणि मुकादमाला तसे स्पष्ट सांगावे. सर्दीच्या काही गोळ्यांनी झापड येते. मधुमेहाच्या औषधांनी साखर एकदम उतरू शकते. अशी औषधे घेणाऱ्यांनी आपण कोणते यंत्र चालवतो, हे डॉक्टरांना सांगावे. डोळेही वर्षातून एकदा तपासून घ्यावेत.

अपघात झालाच तर

प्रथम यंत्र बंद करावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. अडकलेल्याला हिसका देऊन ओढू नये, पाठीच्या कण्याला इजा असल्यास त्याने अधिक नुकसान होते. मान हलू देऊ नये. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. पाणी किंवा चहा पाजू नये. हातपाय किती वेळ दबले होते, हे डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण दबलेला भाग मोकळा झाल्यावर मूत्रपिंड आणि हृदयाला धोका होऊ शकतो.

घरच्यांचाही यात वाटा आहे. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला किंवा नवऱ्याला सकाळी लगेच खाचरात पाठवू नये. लावणी एक दिवस मागे पडली, तरी भरून काढता येते.