स्टेनो बाईंचा खटला आणि समान वेतन

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. शॉर्टहँड तेच, टायपिंग तेच. पगार मात्र पुरुष स्टेनोंपेक्षा कमी.

कंपनीचं म्हणणं, बायका स्टेनो साहेबांच्या खाजगी कामाला, पगार युनियनशी झालेल्या करारानुसारच, शिवाय जास्त द्यायची ऐपत नाही.

1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं फेटाळलं. 1976 चा समान वेतन कायदा मालकाची ऐपत बघत नाही, हे ठणकावून सांगितलं. फार मोलाचा निकाल!

पुढे 2019 च्या वेतन संहितेतही समान वेतनाची तरतूद आली. काम सारखं आहे का, हे ठरवायचे निकष चार: कौशल्य, मेहनत, अनुभव, जबाबदारी. नुसतं पदनाम बदलून मालकाची सुटका होत नाही.