वळणे आणि फिरणे : एका अर्थक्षेत्राचा विचार

दिशाबदलाच्या क्रियेसाठी मराठीत ‘वळणे’ आणि ‘फिरणे’ हे दोन धातू सर्रास योजले जातात, आणि पुष्कळदा एकाचा अर्थ दुसऱ्याने सांगितला जातो. तथापि ‘त्याचे मन वळले’ आणि ‘त्याचे मन फिरले’ ही वाक्ये शेजारी ठेवली, की दोहोंतील अंतर स्पष्ट होते. पहिल्यात समजुतीने आलेली अनुकूलता आहे. दुसऱ्यात पूर्वीच्या भावाचा भंग आहे.

‘वळणे’ या क्रियेच्या बहुतेक प्रयोगांत आकार देणारा हात दिसतो. वाती, लाडू, दोरी ही सारी वळली जातात. गुराखी गुरे वळतो, तेव्हाही भटकणाऱ्यांस इष्ट दिशेला आणतो. म्हणूनच ‘वळण’ हे नाम रस्त्यापासून अक्षराच्या घाटापर्यंत आणि तेथून मुलाच्या शिस्तीपर्यंत सहज पोहोचते. ‘बोबडी वळणे’ हा प्रयोग मात्र या चौकटीत बसत नाही. ‘फिरणे’मध्ये आकारापेक्षा आवर्तन प्रधान आहे : चाक फिरते, दिवस फिरतात, माणूस वचनावरून फिरतो. ‘फिरून’ या रूपाला ‘पुन्हा’ हा अर्थ आला, तो याच आवर्तनातून.

या शेवटच्या प्रयोगाला कन्नडात नेमका जोड आहे. ‘तिरुगु’ म्हणजे फिरणे, भटकणे, परतणे. आणि ‘तिरुगि’ म्हणजे पुन्हा. मराठी आर्यकुळातील, कन्नड द्राविडकुळातील. तरीही अर्थविकासाची वाट एकच. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादन केले, त्याच्याशी असा दाखला सुसंगत आहे. बेंगळूरात तर या दोन भाषांचा शेजार जुना आहे. शहाजीराजांच्या तेथील दरबाराशी निगडित असलेला जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ अनेक भाषांतील रचना एकत्र आणतो.

परंतु साम्य हेच अनुवादकाला चकवते. कन्नड ‘तले तिरुगु’ याचा शब्दशः अर्थ ‘डोके फिरणे’; पण त्याचा नित्याचा अर्थ भोवळ येणे हा आहे. मराठीत डोके फिरते ते संतापाने किंवा वेडाने. शब्दशः अनुवादात आजारी पात्र माथेफिरू ठरेल. उलट दिशेनेही अडचण आहे. रस्त्याच्या किंवा कथेच्या वळणाला कन्नडात ‘तिरुवु’ चालतो; मुलाच्या वळणासाठी मात्र ‘संस्कार’ अथवा ‘नडते’ यांकडे जावे लागते. ‘संस्कार’ म्हटले की शील येते, परंतु वातीसारखे हळूहळू वळत गेलेले शील येत नाही.

तात्पर्य, प्रतिशब्द एका अर्थापुरता मिळतो. अर्थांचे परस्पर नाते त्याबरोबर येतेच असे नाही. मराठीत शिस्त आणि सुंदर अक्षर ही एकाच क्रियेची फळे आहेत. अनुवादात गमावण्याचा धोका असतो तो या नात्याचा; आणि तौलनिक अभ्यासाने नोंदवावयाचे तेही तेच.