जुन्या जेट-स्कीला रंग देताना

1990च्या दशकातली जेट-स्की लांबून एकसंध दिसते. जवळ गेलं की कळतं, सांगाडा फायबरग्लासचा, झाकणं प्लॅस्टिकची, कडेची पट्टी रबराची, मागचा पंप अ‍ॅल्युमिनियमचा. एकच प्रायमर सगळ्यांवर मारला, तर काही महिन्यांत पापुद्रे सुटू लागतात.

आधी धुणं, मग वॅक्स रिमूव्हर, त्यानंतरच घासकाम. हा क्रम उलटला, तर जुनं पॉलिश आणि सिलिकॉन ओरखड्यांत रुतून बसतं आणि ताज्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.

खरी परीक्षा प्लॅस्टिकची. सुटा भाग उलटा करून पाहा. आतल्या बाजूला बहुधा ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. एबीएसवर 400 नंबरचा वॉटरपेपर फिरवून प्लॅस्टिकचा प्रायमर दिला की काम होतं. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन मात्र मेणचट. त्यावर पाणीसुद्धा पसरत नाही, थेंब होऊन राहतं. तिथे अ‍ॅडहेजन प्रमोटरचा पातळ हात हवाच. लवचीक भागांसाठी रंगात फ्लेक्स अ‍ॅडिटिव्ह घालावं.

अ‍ॅल्युमिनियम घासल्यावर त्यावर लगेच ऑक्साइडचा थर धरू लागतो, म्हणून इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी द्यावा. रबर मास्किंग टेपने झाकून ठेवावं. माझ्या मते ते रंगवूच नये.

शेवटचा टू-के, म्हणजे रंग आणि हार्डनर अशा दोन घटकांचा, पॉलियुरेथेन रंग टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. फवारणीला साधा कापडी मास्क पुरत नाही. कामाला साजेसा रेस्पिरेटर आणि मोकळी हवा दोन्ही हवीत.