वृद्ध श्वानाचे आजारपण : घरच्या शुश्रूषेची दिशा

शहरी घरांत वाढणाऱ्या कुत्र्यांना वेळेवर लसी, बरा आहार आणि वैद्यकीय उपचार मिळू लागले, तसे त्यांचे आयुर्मानही वाढले. त्याचबरोबर वार्धक्यातील दीर्घ आजारही घरात आले. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जाती सातव्या-आठव्या वर्षीच वार्धक्याकडे झुकतात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत ही अवस्था दहाव्या वर्षाच्या आसपास येते. सांधे आखडणे, दृष्टी मंदावणे या तक्रारींशी कुटुंब जुळवून घेते. परंतु बरा न होणारा आजार जडला आणि डॉक्टरांनी 'आता घरीच सांभाळा' असे सांगितले, की नेमके काय सांभाळायचे, हे अनेकांना उमगत नाही. वृद्ध श्वानांत नेहमी आढळणारा मूत्रपिंडाचा जुनाट विकार हे याचे बोलके उदाहरण आहे.

आजार उशिरा का कळतो?

मूत्रपिंडांची राखीव शक्ती मोठी असते. त्यांची सुमारे दोन तृतीयांश कार्यक्षमता नष्ट झाल्यावर लघवी घट्ट करण्याची क्षमता ओसरते आणि सुमारे तीन चतुर्थांश नष्ट झाल्यावर रक्तातील क्रिएटिनिन ठळकपणे वाढते. त्यामुळे पहिले लक्षण बहुधा साधेच असते : कुत्रा पाणी जास्त पितो आणि लघवीला वारंवार जातो. दिवसाकाठी शरीराच्या दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी पोटात जात असेल, तर तपासणी करून घ्यावी. पुढे वजन घटते, भूक मंदावते, उलट्या होतात आणि तोंडाला अमोनियासारखा दर्प येतो.

श्वान व मांजरांच्या मूत्रपिंड विकारांसाठी 'आयरिस' या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेल्या चार पायऱ्या जगभर वापरल्या जातात. कुत्र्याचे क्रिएटिनिन २.९ ते ५ मिलिग्रॅम असेल तर तिसरी, आणि त्याहून अधिक असेल तर चौथी पायरी मानतात. गोचीडतापासारख्या आजारांनीही मूत्रपिंडांना इजा होते. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसमुळे ती अचानक निकामी होऊ शकतात. हा आजार लघवीवाटे माणसांनाही होत असल्याने त्याची शंका असताना लघवी पुसताना हातमोजे वापरावेत.

जुनाट विकारात नष्ट झालेला भाग पुन्हा तयार होत नाही. म्हणून उरलेल्या भागावरचा ताण कमी करणे आणि प्राण्याचा प्रत्येक दिवस सुसह्य करणे, एवढेच शुश्रूषेचे उद्दिष्ट असते. ते स्पष्ट असले की पुढचे निर्णय सोपे होतात.

पाणी तोडू नये

रात्री घरात लघवी होते म्हणून संध्याकाळनंतर पाण्याचे भांडे उचलून ठेवण्याची चूक अनेक घरांत होते. ती जिवावर बेतू शकते. असा कुत्रा तहान भागवण्यासाठी नव्हे, तर शरीरातून वाहून गेलेले पाणी भरून काढण्यासाठी पीत असतो. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे. मान वाकवणे जड जात असेल तर भांडे पाटावर ठेवावे.

काही रुग्णांना डॉक्टर त्वचेखाली सलाईन देण्यास सांगतात. ही क्रिया घरच्या माणसाला शिकता येते. मात्र पहिल्या काही वेळा ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी. सलाईनची पिशवी कोमट पाण्यात ठेवून शरीराइतकी उबदार करतात, खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलून सुई आत सरकवतात. तेथे मऊ फुगवटा येतो, तो हळूहळू पुढच्या पायांकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. दर वेळी नवी सुई घ्यावी, गढूळ दिसणारी पिशवी टाकून द्यावी. दुसऱ्या दिवशीही फुगवटा तसाच असेल, तर पुढचे सलाईन देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हृदयविकार असलेल्या कुत्र्याच्या फुफ्फुसांत जादा द्रव साचू शकतो, म्हणून सलाईनचे प्रमाण मनाने वाढवू नये.

पथ्य आणि भूक

या आजारात आहारातील फॉस्फरसवर नियंत्रण महत्त्वाचे ठरते. 'ताकद येईल' म्हणून दिले जाणारे हाडांचे सूप, कलेजी, दूध आणि पनीर नेमके येथेच अपाय करतात. प्रथिने पूर्ण बंद करणे मात्र चूक आहे. त्याने स्नायू झिजतात. भात, अंड्याचा पांढरा भाग, मोजके उकडलेले चिकन असा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावा किंवा मूत्रपिंड विकारासाठीचे तयार खाद्य द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी ठरतात, ते निरोगी कुत्र्यालाही देऊ नयेत.

पथ्याचे अन्न पोटात गेले तरच उपयोगाचे. कुत्र्याला मळमळत असताना नवे खाद्य पुढे केले, तर त्या वासाशी मळमळीची सांगड बसते आणि तो ते कायमचे नाकारतो. आधी मळमळ थांबवणारे औषध, मग हळूहळू नवा आहार, असा क्रम ठेवावा. अन्न कोमट करून थोडे थोडे चार-पाच वेळा द्यावे; जबरदस्तीने तोंडात कोंबू नये.

माणसांची वेदनाशामके कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी जठरात व्रण होतात आणि खंगलेली मूत्रपिंडे आणखी खालावतात. पॅरासिटामॉलची मात्रा चुकली तर यकृतावर आघात होतो. सांधेदुखी असेल तर मूत्रपिंडांचा विचार करून पशुवैद्यकच औषध निवडू शकतात.

अंथरूण, फरशी आणि स्वच्छता

फ्लॅटमधील गुळगुळीत फरशी हा अशक्त कुत्र्याचा मोठा शत्रू आहे. एकदा पाय घसरला की तो उठण्याचीच धास्ती घेतो. अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी चटईची पायवाट करून द्यावी. मागचे पाय लटपटत असतील तर पोटाखालून पंचा घेऊन आधार द्यावा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दिवसातून चार वेळा जिने चढवण्याचा अट्टहास न धरता बाल्कनीत किंवा न्हाणीघरात सोय करावी.

अंथरुणासाठी खाली जाड गादी, तिच्यावर प्लास्टिक आणि वर जुनी गोधडी अशी रचना सोयीची पडते. उठता न येणाऱ्या कुत्र्याची कूस दर तीन-चार तासांनी बदलावी, अन्यथा कोपर आणि नितंबाच्या हाडांवर व्रण होतात. लघवीने ओली राहिलेली त्वचा लाल होऊन सोलवटते. मागच्या भागाचे केस कापून ठेवावेत, कोमट पाण्याने पुसून त्वचा पूर्ण कोरडी करावी. आपल्या हवामानात माश्या उघड्या जखमेवर अंडी घालतात आणि पाहता पाहता अळ्या होतात. म्हणून दररोज शेपटीखाली, काखेत आणि कानांमागे पाहावे.

नोंदवही हवीच

रोज डोळ्यांसमोर असलेल्या प्राण्यात होणारा बदल घरच्यांना सर्वांत उशिरा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे नोंदवही. किती पाणी प्यायला, किती खाल्ले, किती वेळा लघवी व उलटी झाली, झोपेत मिनिटाला श्वास किती, हे रोज लिहावे. वजन आठवड्यातून एकदा घ्यावे. लहान कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. झोपेतील श्वास मिनिटाला ३० च्या आत असणे अपेक्षित आहे. श्वास सतत त्याहून जास्त राहू लागला, हिरड्या पांढऱ्या वा निळसर पडल्या, प्यायलेले पाणीही उलटून पडू लागले, लघवी थांबली, झटके आले किंवा दृष्टी अचानक गेली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

कुटुंबातील कामाची वाटणीही याच वहीत असावी. सारा भार एकाच व्यक्तीवर पडला, की थकवा आणि चिडचिड अटळ असते आणि औषधाच्या वेळाही चुकतात.

थांबायचे कधी?

सर्वांत अवघड प्रश्न हाच. अमेरिकेतील पशुवैद्यक डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवण्यास आधार आहे, असे ही मोजपट्टी मानते. निर्णय आकडा घेत नाही. मात्र एकाच घरातील तिघांनी स्वतंत्रपणे गुण देऊन ते ताडून पाहिले, तर चर्चेला ठोस पाया मिळतो.

'तो झोपेतच शांतपणे जावा' अशी प्रत्येकाची इच्छा असते. मूत्रपिंडाच्या अखेरच्या अवस्थेत तसे क्वचितच घडते. रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांमुळे तोंडात व्रण होतात, मळमळ थांबत नाही, कधी झटकेही येतात. म्हणूनच पशुवैद्यक दयामरणाचा पर्याय सुचवतात. आधी गुंगीचे औषध आणि नंतर शिरेतून भूल देणाऱ्या द्रव्याची मोठी मात्रा दिली जाते. काही क्षणांतच शुद्ध हरपते आणि मग हृदय थांबते. डोळे उघडे राहू शकतात, स्नायू क्षणभर फडफडू शकतात. ते वेदनेचे लक्षण नव्हे, हे आधीच ठाऊक असावे.

जीव देणे आपल्या हाती नाही, मग तो घेणे कसे, हा प्रश्न अनेक घरांत प्रामाणिकपणे विचारला जातो. ज्यांना हा पर्याय मान्य नाही, त्यांनीही अखेरपर्यंत वेदनाशमन आणि मळमळीवरचे औषध चालू ठेवायला हवे. काही न करता नुसते पाहत राहणे म्हणजे नैसर्गिक मरण नव्हे. आजारी कुत्र्याला रस्त्यावर सोडून देणे हा तर प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हाच आहे.

अंत्यविधीची चौकशीही आधीच करून ठेवावी. मुंबईत महापालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे लहान प्राण्यांसाठी दहनव्यवस्था सुरू केली. इतर शहरांत स्थानिक पालिकेकडे विचारणा करावी. घरात लहान मुले असतील तर 'तो झोपला' असे न सांगता तो मरण पावला, असे सोप्या शब्दांत सांगावे. नाहीतर मुलांना झोपेचीच भीती वाटू लागते.

सोबती गेल्यावर बहुतेक कुटुंबांना एकच शंका छळते : घाई तर झाली नाही ना, की उशीर झाला? काळाच्या ओघात आठवणी धूसर होतात आणि अपराधी भावना मात्र वाढत जाते. अशा वेळी रोज लिहिलेली ती साधी वही उपयोगी पडते. शेवटचे चांगले दिवस कोणते होते आणि ते कधी संपले, हे तिच्यात घरच्यांच्याच हस्ताक्षरात नोंदलेले असते.