जपानचा ठोका, आपली तांब्याची तार

कुणाची लेक अमेरिकेहून येते, कुणाचा भाचा जर्मनीहून, आणि येताना भिंतीवरचे घड्याळ आणतो. "मावशी, याला हात लावायचा नाही, हे आपोआप लागतं." इथे मात्र ते लागत नाही. घरातली मंडळी सेल बदलून बघतात, घड्याळ बिघडले म्हणतात. ते बिघडलेले नसते. त्याच्या पोटात एक छोटा रेडिओ आहे, आणि तो रोज रात्री ज्या केंद्राचे ऐकायचा ते हजारो किलोमीटर मागे राहिले आहे.

जगात अशी केंद्रे मोजकीच. जर्मनीत फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनला एक, ७७.५ किलोहर्ट्झवर. जपानात दोन, फुकुशिमाच्या डोंगरावरचे ४० वर आणि क्यूशू बेटावरचे ६० वर. चीन, इंग्लंड, अमेरिका इथेही आहेत. तिथून गाणी नाहीत की बातम्या नाहीत, दर सेकंदाला फक्त एक खूण. आपल्या देशात लांब लहरींवर असे केंद्र नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे 'एटीए' केंद्र लघुलहरींवर वेळ सांगत असे, तेही बंद झाले.

आता लहर लांब म्हणजे किती? आपले हे सामुदायिक केंद्र बोलते ती लहर तीन-सव्वातीन मीटरची. डोंगर आडवा आला की अडली. आकाशवाणी पुण्याची ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३८० मीटर. आणि जपानची ४० किलोहर्ट्झची? साडेसात किलोमीटर! ती डोंगराला जुमानत नाही. खाली जमीन आणि वर आकाशातला विजेचा थर, या दोहोंमधल्या बोळातून ती पुढे सरकत राहते. दिवसा उन्हामुळे त्या थराचा खालचा भाग लहर शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि लहर दूरवर पोचते.

तिची भाषा तराजूसारखी आहे, म्हणून मला ती फार आवडते. जपानचे केंद्र मिनिट सांगताना वजने ठेवते: आधी ४०, २०, १०, मग एक जागा रिकामी, मग ८, ४, २, १. एकेका सेकंदाला एकेक वजन. खूण ०.८ सेकंद जोरात राहिली तर ते वजन ठेवलेले नाही. ०.५ सेकंद राहिली तर ठेवले. समजा २०, ४ आणि १ ही तीनच ठेवली, तर झाली २५ मिनिटे. पुढे तास, मग तारीख, सगळे असेच. आणि ०.२ सेकंदाची अगदी आखूड खूण लागोपाठ दोनदा आली, की दुसरीपासून नवे मिनिट सुरू. तिथे रात्रीचे ११ वाजून २५ मिनिटे झाली असतील, तर साडेतीन तास वजा करा, आपल्याकडे संध्याकाळचे ७:५५. तिथून इथे यायला खुणेला सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग लागतो.

हे कधीच चुकत नाही असे नाही हं. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुकेंद्राचा अपघात झाला तेव्हा त्या डोंगरावरची माणसेही हलवावी लागली आणि केंद्र महिनाभराहून अधिक काळ गप्प होते. त्या भागातली घड्याळे बंद पडली नाहीत, फक्त आपापल्या चालीने चालू लागली.

पुण्याहून फुकुशिमा सुमारे ६,८०० किलोमीटर, माइनफ्लिंगेन ६,६५०. जर्मन केंद्राची भरवशाची पोच २,००० किलोमीटर धरतात. म्हणजे इथे आलीच तर अगदी क्षीण, भिंतीवरच्या घड्याळाला न समजणारी खूण येणार. पण हौशी माणूस घड्याळापेक्षा चिवट असतो. दोन हात लांब-रुंद लाकडी चौकट घ्यायची, मोटरच्या वाइंडिंगची तांब्याची तार तिच्यावर पंचवीस-तीस वेढे गुंडाळायची. टोके छोट्या ॲम्प्लिफायरमधून लॅपटॉपच्या साउंड कार्डाला जोडायची. कार्ड सेकंदाला ९६ हजार वेळा मोजणारे हवे, मग ४० किलोहर्ट्झची रेघ पडद्यावर बघता येते. चौकटीची कड ईशान्येला केली की जपान, वायव्येला केली की जर्मनी. एकीकडे कड धरली की दुसरीकडचे जवळजवळ मावळते. जपानसाठी अंधार पडल्यापासून पहाटे तीनपर्यंतची वेळ बरी, जर्मनीसाठी थंडीत रात्री नऊनंतर.

मी कसबा पेठेत राहते. आमच्या तांबट आळीतले ठोके कानाला ऐकू येतात, पण रेडिओला त्यांचा त्रास नाही. त्याला छळतात ते एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर. भिंतीला भिंत लागून घरे, प्रत्येक घरात दहा वस्तू, आणि प्रत्येकीची खरखर याच पट्ट्यात. दहा दिवसांच्या गणपतीच्या रोषणाईत तर विचारूच नका. ही शांतता आम्हाला पैसे देऊन मिळत नाही आणि तुमच्याकडे ती फुकट आहे. गावची लाइट गेली, पंप थांबले, की चौकट घेऊन अंगणात या. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, त्याचा चार्जर काढा, तोही खरखर करतो. गटात एकीकडे लॅपटॉप आणि एकीला तारेचे काम येत असले तरी पुरे.

दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस धरा. वळवाच्या आणि पावसाळ्याच्या दिवसांत दूरवरच्या विजांचाही कडकडाट याच पट्ट्यात भरतो. ढग गडगडत असतील तर चौकटीला हात लावू नका, तार आधीच काढून ठेवा. आणि ही चौकट फक्त ऐकण्यासाठी आहे. स्वतः लहरी सोडायच्या असतील तर हॅम रेडिओची सरकारी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो.

रेघ दिसली तर वहीत तारीख, वेळ आणि चौकटीची दिशा लिहा. न दिसलेल्या रात्रीही लिहा.