घरी आणलेले कासव खात का नाही?

गोंदिया जिल्हा तलावांचा. पावसाळ्यात बोडीतले कासव धानाच्या बांधीत सापडते. मुले ते हौसेने घरी आणतात, घमेल्यात ठेवतात, पुढ्यात पोळी टाकतात. कासव मान आत ओढून बसते. ते भ्यालेले असते. त्याला रुळवत बसू नये. आपल्या तलावांतले मऊ कवचाचे कासव आणि पाठीवर चांदण्या असलेले कासव, दोन्ही पाळणे गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ३ वर्षे कैद आणि २५ हजार दंड. कासवाने घरात पैसा येतो म्हणणाऱ्यांनी हा हिशोबही करावा! सापडल्यास वनरक्षकाला किंवा १९२६ वर कळवावे.

दुकानात मिळणारे, कानाजवळ लाल पट्टा असलेले कासव मूळचे अमेरिकेचे. ते आधीच घरात असेल तर पहिले काही दिवस त्याला हाताळू नये. त्याचे अंग बाहेरच्या उन्हाने तापते. म्हणून हिवाळ्यात पाणी गार पडले की पचन मंदावते आणि ते खाणे सोडते. पाणी कोमट असावे, बाहेर चढून बसायला वीट ठेवावी. सकाळचे ऊन थेट मिळावे, काचेआडून नको, बाजूला सावलीही हवी. घास ते पाण्यातच गिळते, तेव्हा जमिनीवर खाऊ घालणे व्यर्थ. लहान मासोळी, गांडूळ, पालेभाजी द्यावी. दूध-पाव देऊ नये. हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत. डोळे सुजले तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. कंटाळा आला म्हणून ते तलावात मात्र सोडू नये. तिथे ते आपल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.