धामणीच्या रक्तातले परजीवी

वसमत भागातील एक शेतकरी मागे दवाखान्यात आले. हळदीत निघालेली धामण त्यांनी काठीने मारली आणि बांधाबाहेर टाकताना तिचे रक्त हाताला लागले. बोटावर खुरप्याची ताजी जखम होती. "डॉक्टरसाहेब, सापाच्या रक्तात मलेरियासारखे जंतू असतात म्हणे. पुतण्या कॉलेजात शिकतो, त्यानं सांगितलं. मला काही होईल का?"

पुतण्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. सापांच्या रक्तात हेपॅटोझून नावाचा एकपेशीय परजीवी आढळतो. तो तांबड्या पेशीत केळ्यासारखा वाकून बसतो आणि पेशीचे केंद्रक बाजूला ढकलतो. (आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते, सापांच्या असते.) पूर्वी काचपट्टीवर रक्त पसरून, त्याला रंग देऊन सूक्ष्मदर्शकातून तो शोधावा लागे. संख्येने थोडा असला की नजरेतून सुटे, आणि दिसला तरी त्याची जात सांगणे कठीण जाई.

आता हे काम पीसीआर करते. करोनाच्या साथीत नाकात काडी घालून जी तपासणी झाली, तिचाच हा भाऊबंद. अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांना १९८३ साली ही युक्ती सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सापाच्या शेपटीखालच्या शिरेतून थोडे रक्त घेतात आणि त्यातील डीएनए वेगळा करतात. मग परजीवीच्याच जनुकाला चिकटतील असे छोटे तुकडे त्यात घालतात. तापवले की डीएनएचे दोन धागे सुटतात, निववले की हे तुकडे जाऊन चिकटतात, आणि एक विकर त्यांच्यापुढे नवा धागा विणते. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट. तीस फेऱ्यांत एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक होऊ शकतात! पुढे त्या तुकड्याची अक्षरे वाचून जात ओळखता येते. मात्र परजीवी सापडला म्हणजे साप आजारी आहे असे नव्हे. रानातले पुष्कळ साप तो अंगावर वागवत निवांत फिरतात.

आता शेतकऱ्याची काळजी. मलेरियाचा जंतू डासाच्या लाळेतून आपल्या अंगात शिरतो. हेपॅटोझूनची वाट उलटी आहे. त्याला वाहणारा डास किंवा गोचीड पोटात जावी लागते. डास बेडकाने खाल्ला, बेडूक सापाने गिळला, असाही तो सापापर्यंत पोचतो. सापाचा हा परजीवी माणसाच्या रोगांत धरला जात नाही. मी जखम साबणपाण्याने धुवायला लावली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, ते खुरप्यासाठी.

भीती मला वेगळीच वाटली. मेलेला साप त्यांनी उघड्या हाताने उचलला होता. मेलेल्या विषारी सापाचे, अगदी तुटलेले डोकेसुद्धा काही वेळ चावू शकते, आणि घाईत नाग धामणीसारखा दिसतो. चावलाच, तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात-पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस आहे.

जाताना त्यांनी विचारले, "मग धामण मारायचीच नाही का?" मी म्हटले, "ठिबकच्या नळ्या कोण कुरतडतं तुमच्या?"

"उंदीर," ते म्हणाले आणि हसले.